डाव्या हाताची गोधडी

आमच्या घरात गोधडी उलटी फिरते. बाकीच्या बाया काठापासून टाके घालत, घड्याळाच्या काट्यासारख्या फिरत मधोमध येतात. माझी आई डावखुरी, म्हणून तिचे फेर उलट दिशेने. लहानपणी जेवताना डावा हात पुढे केला की तिला फटका बसायचा, त्यामुळे घास उजव्या हाती गेला. सुई मात्र तिने सोडली नाही. मी उजव्या हाताची, पण तिच्या मांडीला मांडी लावून शिकले; आजही उजव्याने जेवते आणि डाव्याने शिवते. बार्शीटाकळीत आमच्या गल्लीतल्या बाया यावरून मला चिडवायच्या. चिडवोत बापड्या.

आईच्या गोधड्या अमरावतीची एक दुकानवाली न्यायची. पैसे चोख द्यायची, त्याबद्दल तक्रार नाही. एकदा मी आईला ते दुकान दाखवायला घेऊन गेले. काचेमागे आईची गोधडी टांगलेली होती. मामाच्या धोतराचा पांढरा चौकोन मी रस्त्यावरूनच ओळखला. खाली फोटो त्या बाईच्या सासूचा, आणि पाटी: आमच्या सासूबाईंच्या हातची कला, सुनेने जपलेली. आयत्या बिळावर नागोबा.

आईने पाटी दोनदा वाचली आणि आत न जाताच वळली. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जाऊ दे व बाई. पांघरणाऱ्याले ऊब भेटली म्हंजे झालं."

घरी आल्यावर तिने अर्धी झालेली गोधडी सुईदोऱ्यासकट घडी करून पेटीवर ठेवली. वर्षभर हात लावला नाही. कुणी विचारलं तर आता दिसत नाही म्हणायची, आणि तांदळातले खडे बिनचष्म्याने वेचायची.

मी डूख धरला. न्यायबिय मला नको होता. त्या बाईचं तोंड चारचौघींत उतरलेलं बघायचं होतं, बस. मधे तिचे फोन यायचे, नवीन माल आहे का म्हणून. मी गोड बोलायचे. आईची तब्येत बरी नाही, तुम्ही कशा आहात, सगळं विचारायचे.

मग अकोल्यात बचत गटांचं प्रदर्शन भरलं आणि गोधडीची परंपरा सांगायला मंचावर तीच. मी आईची अर्धी गोधडी पिशवीत घालून गेले. समोर पन्नासेक बाया, सगळ्या शिवणाऱ्या. ती सासूबाईंनी आपला हात धरून कसं शिकवलं ते सांगत होती. तिचं संपलं तशी मी वर गेले आणि गोधडी तिच्या पुढ्यात पसरली.

"ताई, इथून पुढं एक फेर घालून दाखवा नं. तुमच्या सासूबाईचा हात आमालेबी पाहू द्या."

नाही म्हणायची सोय नव्हती. तिने सुई उजव्या हातात घेतली आणि सवयीने टाके घालू लागली. आईने जिथे थांबवलं होतं तिथून पुढे जायच्या ऐवजी ती आईच्याच टाक्यांवरून मागे निघाली. चार टाक्यांनी तिच्या लक्षात आलं. गोधडी फिरवून पाहिली, स्वतः दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं, पण हात काही पुढे जाईना. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसली, आणि मग सगळ्याच.

मी माइक घेतला. "ताई, तुमी आल्या वाटेनंच वापस चालल्या. हे माह्या मायचं काम हाय. ते डाव्या हातानं पुढं जाते."

तिचा चेहरा उतरला. मी तो पोटभर पाहिला. अजूनही कधी झोप लागली नाही तर आठवते आणि मला छान वाटतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. कशाला कुणाचा तमाशा करायचा, असं म्हणेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तिचे टाके हायेतच का त्याच्यात?"

"हायेत."

"उसव पयले. माह्या गोधडीत तिचा दोरा नको." आणि तिने पेटीवरचा सुईचा डबा ओढला.

मी उसवायला बसले. आईने त्याच संध्याकाळी पुढचा फेर धरला आणि महिन्याभरात गोधडी पुरी केली. ती आम्ही विकली नाही. तिच्यात उलट्या वाटेचे तीन टाके मी मुद्दाम ठेवले आहेत. तेवढं मी आईचंही ऐकलं नाही. शिकायला कुणी नवीन बाई आली की आधी तिला तेच दाखवते, आणि ते कुणाचे, हेही सांगते.