आवाजाचा आकडा

सायलेन्सर विकणाऱ्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला ‘सायलेन्सर घेऊ नकोस’ असं सांगणारा माणूस बघायचा असेल, तर कॅनडातल्या रेव्हलस्टोकला जावं आणि शैलेंद्र वाळिंब्यांना भेटावं. बर्फात चालणाऱ्या स्नोमोबाइलला तिथली मंडळी स्लेड म्हणतात. नवी स्लेड घेतली, की आठ दिवसांत तिचा मालक दुकानात हजर. कंपनीने दिलेला सायलेन्सर काढायचा आणि बाहेरचा हलका, चकचकीत बसवायचा. वर्थ आहे का? शैलेंद्र चष्मा कपाळावर ढकलायचा आणि आपल्या पुणेरी इंग्रजीत निकाल द्यायचा. पाच किलो वजन कमी होईल, डोंगरात त्याचा थोडा उपयोग आहे. पॉवर वाढेल असं खोक्यावर लिहिलंय, पण तुला ती जाणवणार नाही. आवाज मात्र साऱ्या गावाला जाणवेल. आणि नुसता सायलेन्सर नाही, पूर्ण पाइपच बदललास तर इंजिनाचं इंधनाचं गणित नव्याने बसवावं लागेल. ते चुकलं की पिस्टन जळालाच म्हणून समज. पाचच किलो हवे असतील तर नाश्ता कमी कर.

दहातली सहा गिऱ्हाइकं यावर तोंड पाडून जायची. उरलेली चार तरीही घ्यायचीच, कारण हौसेला मोल नसतं. मालक कुरकुरायचा, पण शैलेंद्रसारखा हात असलेला मेकॅनिक त्याला आसपास मिळाला नसता, म्हणून तोही गप्प बसायचा.

शैलेंद्रचा हा हट्ट जुना होता. पिंपरीच्या एका दुचाकी कारखान्यात त्याने बारा वर्षं गाड्यांचा आवाज मोजला होता. यंत्रावर जो आकडा दिसेल तोच कागदावर. एकदा साहेबाने एक डेसिबल कमी लिही म्हणून सांगितलं, तर याने पेन साहेबाच्याच हातात दिलं. ‘तुम्ही लिहा, सही पण तुम्हीच करा.’ ही गोष्ट त्याची बायको, चित्रा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. सांगताना चिडल्यासारखं करायची, पण अभिमान तिच्या तोंडावर लपत नसे. नंतर कॅनडात आल्यावर मिल्टनमध्ये चार वर्षं बेसमेंटमध्ये काढली, गोदामात खोके उचलले, आणि शेवटी हाताला हवं ते काम मिळालं ते या डोंगरातल्या गावात. चित्राला गावच्या लायब्ररीत नोकरी मिळाली. एकुलता एक मुलगा, परीक्षित, इथल्या बर्फात असा रमला की जणू जन्मच तिथला.

परीक्षितला तो सायलेन्सर हवा होता. बापाची सगळी आकडेवारी त्याला पाठ होती, तरी हवा होता.

“बाबा, आय नो, नॉट वर्थ इट,” तो म्हणायचा. “पण तो आवाज ऐकलायस का?”

दोन हिवाळे बापाने दाद दिली नाही. बाविसाव्या वाढदिवसाला मात्र परीक्षित गॅरेजमध्ये गेला, तर स्लेडवर नवा सायलेन्सर बसवलेला. आदल्या संध्याकाळी शैलेंद्रने तो स्वतःच्या हाताने बसवला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या निकालाविरुद्ध काम केलं, आणि पोराचा चेहरा बघून त्याला त्याचं काहीही वाटलं नाही. तो दिवसभर गालातल्या गालात हसत होता.

चित्राचीही एक रीत होती. पोचलास की कळव. सगळ्याच मराठी आया हे म्हणतात, पण चित्राने त्याची शिस्त लावली होती. डोंगरात फोन चालत नाही, म्हणून तिने परीक्षितला सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं मुठीएवढं यंत्र घेऊन दिलं आणि वेळ ठरवून दिली: सकाळी साडेअकरा, दुपारी अडीच. एकदा साडेअकराचा मेसेज आला नाही, तर बाराच्या आत या बाईने बचाव पथकाला फोन केला. हेलिकॉप्टर निघायच्या बेतात असताना पोरगा पार्किंगमध्ये सँडविच खात असलेला सापडला. गावात महिनाभर त्याची थट्टा झाली. त्याने कानाला खडा लावला आणि त्यानंतर साडेअकराचा मेसेज कधी चुकवला नाही.

फेब्रुवारीतला तो शनिवार लख्ख उन्हाचा होता. परीक्षितसोबत देवेश होता. नागपूरचा मुलगा, कॉलेज सांभाळून तिथल्या हॉटेलात काम करायचा आणि रविवारी चित्राकडे जेवायला यायचा. अंगणात परीक्षितने स्लेड सुरू केली. नव्या सायलेन्सरचा कर्कश आवाज निघाला, आणि त्याच क्षणी गॅरेजच्या पत्र्यावरून बर्फाची लादीच्या लादी घसरून खाली धपकन पडली. सकाळच्या उन्हाने पत्रा तापला होता, ती पडणारच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चित्राने ते पाहिलं. परीक्षितने हसून तिला हात केला आणि दोघं गेले.

अकरा बेचाळीसला तिच्या फोनवर मेसेज आला: ‘ठीक आहे आई. पराठे संपले.’ बारा मिनिटं उशीर झाला म्हणून ती जराशी रागावली आणि कामाला लागली. अडीचचा मेसेज आलाच नाही. डोंगराचा उतार कोसळला होता आणि परीक्षित त्याखाली गेला होता. देवेशने त्याला अर्ध्या तासात उकरून काढलं, पण उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी देवेश एकटा दुकानात आला आणि मागच्या बाकावर बसून शैलेंद्रजवळ मोकळा झाला. वर कुणी उतार चढत असेल तर खाली पायथ्याशी थांबायचं नाही, हा स्लेडवाल्यांचा पहिला नियम. परीक्षितने त्याचा रीतसर कोर्स केला होता. तो सुरक्षित होता, बाजूच्या झाडीत. पण झाडीत त्या यंत्राला आकाश मिळेना आणि मेसेज जाईना. साडेअकरा होऊन गेले. तेव्हा तो झाडीतून बाहेर आला, उताराच्या पायथ्याशी, उघड्यावर.

“काका, मी रेडिओवर विचारलं, उतार चढू का?” देवेश सांगत होता. “तो म्हणाला, एक मिनिट, आईचा मेसेज जातोय. मला वाटलं, एका मिनिटानं काय होतंय. मी थांबलो नाही, काका. मी चढलो.”

देवेशच्या स्लेडच्या भाराने उतार तुटला. मेसेज गेल्याचा हिरवा दिवा यंत्रावर लागेपर्यंत परीक्षित खाली उभा होता.

 शैलेंद्रला त्या पोराला मारावंसं वाटलं, मग पोटाशी धरावंसं वाटलं, आणि दोन्ही करायचं बळ त्याच्यात नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “हे काकूच्या कानावर जाता कामा नये. कधीच.” देवेशने मान हलवली आणि महिन्याभरात गाव सोडून हॅलिफॅक्सला निघून गेला.

घरी चित्राचा निवाडा तोवर होऊन गेला होता. पत्र्यावरचा बर्फ तिने डोळ्यांनी पाहिला होता. अंगणात एवढा पडतो, तर डोंगरावर काय होईल? आणि तो सायलेन्सर कुणी बसवला? साऱ्या जगाला नको म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलाला बसवून दिला. तिने हे एकदाच म्हटलं, शांतपणे, आणि शैलेंद्रने मान खाली घातली. आवाजाने डोंगर कोसळत नसतो, हे त्याच्यासारखं कुणाला माहीत असणार? आवाजाचा जोर किती, बर्फ तुटायला जोर किती लागतो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण एक कारण काढून घेतलं की ती दुसरं शोधणार, आणि दुसरं तिच्या स्वतःच्या फोनमध्ये होतं. तो शेवटचा मेसेज ती रोज सकाळी वाचायची. तेवढ्यावर ती उठत होती, आंघोळ करत होती, कामावर जात होती.

म्हणून त्याने दोष घेतला. घरात बोलणं गरजेपुरतं उरलं. ती त्याच्यासाठी पोळ्या करायची, ताट वाढायची आणि स्वतः नंतर जेवायची. असे दोन हिवाळे गेले. शैलेंद्रला तिची इतकी आठवण यायची, आणि ती तर समोरच बसलेली असायची.

या वर्षी डिसेंबरात लायब्ररीत हिमस्खलनावर व्याख्यान झालं. दरवर्षी होतं, चित्रा त्या दिवशी रजा टाकायची. यंदा बदलीला कुणी मिळालं नाही म्हणून ती खुर्च्या मांडायला थांबली आणि व्याख्यान संपल्यावर सरळ दुकानात आली. सकाळचे अकरा वाजून गेले होते, मालक बाहेर गेला होता. दोन वर्षांत तिने या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

“ती व्याख्यान देणारी बाई सांगत होती,” चित्रा म्हणाली, “आवाजाने बर्फ कोसळत नाही. इंजिनाच्या नाही, ओरडण्याच्या नाही. लोकांचा उगाच गैरसमज आहे म्हणे.”

शैलेंद्रने पाना खाली ठेवला.

“तुला हे माहीत असणार. तू आयुष्यभर आवाजच मोजलास. मग दोन वर्षं मला बोलला का नाहीस?” ती काउंटरपाशी आली. “आवाजाने नाही, तर मग कशाने? तो तिथे काय करत होता?”

काउंटरच्या मागे भिंतीवर तेच सायलेन्सर ओळीने टांगलेले होते. शैलेंद्रने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“ती साध्या सायलेन्सरबद्दल बोलत असेल,” तो म्हणाला. “त्याच्या सायलेन्सरमधलं आवाज दाबणारं पॅकिंग मी काढून टाकलं होतं. त्याला आणखी मोठा आवाज हवा होता म्हणून. मी मोजला होता, चित्रा. एकशे चाळीस डेसिबल. एवढ्या आवाजाला बर्फ तुटतो.”

त्याने काहीही काढलं नव्हतं, काहीही मोजलं नव्हतं. चित्रा त्याच्याकडे बघत राहिली. पिंपरीच्या साहेबापुढे एका डेसिबलसाठी न वाकलेला हा माणूस. आवाजाचा आकडा तो खोटा सांगणार नाही, हे ती तीस वर्षं जगाला सांगत आली होती. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला.

“मग मला तुला माफ करता येणार नाही,” ती म्हणाली.

“नको करूस.”

ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. पर्समधून फोन काढून तिने तो मेसेज उघडला. बर्फावरून येणाऱ्या उजेडात तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा सैलावलेला दिसला.

“एक मात्र आहे,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “सगळं सोडून तो तेवढ्या मेसेजपुरता माझ्यासाठी थांबला होता ना?”

“हो,” शैलेंद्र म्हणाला. “थांबला होता.”