दोन पेडलांची गाडी

गाडी जुनी झाली की तिच्यात तेल कमी आणि किस्से जास्त भरावे लागतात. माझे किस्से ऐकून मैत्रिणी पोट धरून हसतात. मला अजून संताप येतो.

गाडी जपानी, ऑटोमॅटिक, दुबईहून परतलेल्या शेजाऱ्यांकडून घेतलेली. माझा डावा पाय पोलिओचा, क्लच दाबणं जमत नाही. म्हणून ही दोनच पेडलांची गाडी. नल्लकुंट्यातल्या घरून कोठी भागातल्या बँकेत नोकरीला मी एकटी जायची, कुणाच्या मिनतवाऱ्या न करता.

मग ती घसरायला लागली. सकाळी ठीक, पण गरम झाली की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

*

गौलीगुड्यातल्या ख्वाजाभाई मेकॅनिकनी बॉनेट न उघडताच सांगून टाकलं, "क्लच प्लेट गई, भाईसाब."

भाईसाब म्हणजे आमचे हे. ह्यांना सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही! पण गॅरेजात गाडीबद्दल सगळे ह्यांच्याशीच बोलणार.

मी म्हटलं, आधी क्लचचं पेडल शोधून दाखवा. त्यांनी खरंच वाकून शोधलं.

*

दुसऱ्या खेपेला मी नीट समजावून सांगितलं. गाडी उभी असते तिथे फरशीवर लाल डाग पडतो, आणि गिअरचं तेल लाल असतं. तेल भरलं की चार दिवस बरी चालते. म्हणजे गळती आहे, सील बदला.

ख्वाजाभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांना विचारलं, "मॅडम क्या बोल रे?"

मी त्यांच्याच हिंदीत बोलत होते हो!

*

दीर म्हणाले, नवी घ्या. तेव्हा नव्या गाड्या आणि नवी कर्जं यांचा नुसता सुकाळ झाला होता. शोरूमवाल्याने रंग दाखवले, कॅसेट प्लेअर वाजवून दाखवला. ऑटोमॅटिक मात्र नव्हती. "ड्रायव्हर रख लो मॅडम," म्हणाला.

देश खुला झाला म्हणे. माझ्या एका पायापुरता तेवढा बंद राहिला.

ह्यांना ड्रायव्हरची कल्पना फार आवडली. तुलाच आराम, म्हणाले. आराम मागितला होता कुणी?

*

शेवटी फक्त सील बदला असं बजावून गाडी ख्वाजाभाईंकडे ठेवली. दोन आठवडे रिक्षाने हिंडले. मग निरोप आला, गाडी तयार आहे. आम्ही दोघं गेलो.

गाडी धुऊनपुसून उभी होती. ख्वाजाभाई खुशीत होते. "अब जिंदगीभर नै फिसलती!"

मी दार उघडलं. खाली तीन पेडलं होती.

जुन्या बाजारातून साधा गिअरबॉक्स आणून बसवला होता. कुणाला विचारून, म्हटलं.

"भाईसाब हौ बोले ना," ख्वाजाभाई म्हणाले.

हे टायरकडे बघायला लागले.

मी ह्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली.

"चालवा," म्हटलं, आणि बाहेर येऊन रिक्षाला हात केला.