गुरुवारच्या खोलीतलं पाणी

"वंजळ कर," पाटील म्हणाला आणि त्यानं बाटली वर धरली.

पोळ्याचा दिवस. दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालचा. गावच्या बैलांना नवे कासरे आम्ही वळून द्यायचे, मिरवणुकीत हलगीही आम्हीच वाजवायची. आम्ही म्हणजे मांगवाडा. त्याबदल्यात थोडं धान्य, आणि वाजवणाऱ्याला दारू. पेला कुणी देत नसे. आमच्या तोंडाला लागलेला पेला परत घरात कसा न्यायचा? म्हणून वरून ओंजळीत ओतायची. बाप असाच प्याला, आजाही.

मी वेशीत गुडघ्यावर बसलो. पाटील बाटली वर वर नेत गेला. दारू मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. मी कोपर चाटलं. माणसं हसली.

"बगा, बैलापरीस बरं पितंय."

समोर माझी सहा वर्षांची हौसा उभी होती. आधी तीही सगळ्यांबरोबर हसली. मग तिला कळलं, हसतायत ते आपल्या बापाला. ती रडली नाही. आईचा पदर धरून उलट्या पावली मागं सरकली.

तरी मी उठलो नाही. अजून ओत म्हणालो. हे सांगायलाच पाहिजे. नुसत्या पाटलाला शिव्या घालून मला मोकळं होता येत नाही.

दिवाळीच्या आत बायको पोरीला घेऊन तिसगावला माहेरी गेली. मी दोनदा आणायला गेलो, दोन्ही वेळा पिऊन. दुसऱ्या वेळी हौसा दाराआडून मामाला म्हणाली, "त्यांला जायला सांग." परक्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलली. ते ऐकून मी आणखी प्यालो.

दुष्काळी कामावर खडी फोडताना रक्ताची उलटी झाली. लोकांनी नगरला मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथली म्हातारी सिस्टर म्हणाली, "पोट मी बरं करीन. बाकीचं माज्या हातात न्हाई. गुरवारी दुपारी मागच्या खोलीत मानसं बसत्यात. समदी पिनारी हुती. जाऊन बस."

मला वाटलं, बाप्तिस्मा घ्यायला सांगतील. तसलं काही नव्हतं. सतरंजीवर आठ-नऊ जण. एक शिंपी, एक ट्रकवाला, पेन्शनीत निघालेले एक गुरुजी. आडनाव विचारायचं नाही. फक्त नाव सांगायचं आणि किती दिवस प्यायला नाही ते. आणि खोलीची एक रीत होती. नवा माणूस आला की त्याच्या अगोदर जो शेवटी आला असेल, त्यानं आपल्या हातानं त्याला पाण्याचा पेला द्यायचा. माझ्या अगोदर गुरुजी आले होते. त्यांनी पेला पुढं केला. मी सवयीनं ओंजळ धरली.

ते थांबले. "हातात घ्या," म्हणाले.

घ्या म्हणाले. मला रडू आलं. रडत रडतच मी पाणी प्यालो.

मग दर गुरुवारी एस.टी.नं नगर. सात महिने थेंब घेतला नाही. एकदा भट्टीच्या दारातून माघारी फिरलो, गुरुवारी गुरुजींना काय तोंड दाखवू म्हणून. मेहुण्यानं निरोप पाठवला होता, वर्षभर कोरडा राहिलास तर पोरीला पाठवतो. मी दिवस मोजत होतो.

आणि एका गुरुवारी पाटील आला. डोळे पिवळे, पाय सुजलेले, हात लटलट कापत होते. मधल्या काळात नवं कुणी आलं नव्हतं. म्हणजे पाणी मी द्यायचं. खरं सांगतो, सूड मनात आला नाही. ते हात बघून मला कीवच आली. मी पेला भरून पुढं केला.

त्यानं पेल्याकडं बघितलंही नाही. गुरुजींना म्हणाला, "ह्यो हितं कसा?"

गुरुजी उठून माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "आजच्या दिवस मी देतो. तू समजूतदार आहेस. थोडे दिवस बुधवारी येत जा. मोठा माणूस आहे, बिथरला तर परत यायचा नाही."

बुधवारी त्या खोलीला कुलूप असायचं. ते गुरुजींनाही ठाऊक होतं.

पाटलाच्या हसण्यानं झालं नव्हतं ते या हळू बोलण्यानं झालं. काळीज फाटलं. या माणसाला मी बाप मानलं होतं. त्या क्षणी मला दारू हवी होती, पोटातून हवी होती. स्टँडमागच्या भट्टीची वाट डोळ्यांपुढं आली. खोलीबाहेर पडलो असतो तर तिथंच गेलो असतो.

मी पेला सोडला नाही.

"गुर्जी, रीत तुमीच शिकवली. पानी मीच देनार. त्यास्नी नको आसंल तर ऱ्हाऊ द्या. मी बुधवारी येनार न्हाई."

पाटील उठून गेला. शिंपी पुटपुटला, "मेला म्हंजी तुज्या माथी." त्याला कुणी गप्प केलं नाही. गुरुजी सतरंजीकडं बघत राहिले. मी माझ्या जागेवर बसलो, नाव सांगितलं, सात महिने म्हणालो.

पाटील पावसाळ्याआधी मेला. मला वाईट वाटलं, हेही खरं. मेहुणा तिसगावला पाटलाच्याच सोयऱ्याच्या मळ्यात सालगडी. त्याचा नवा निरोप आला, तुझ्यापायी पाटील मेला असं मालक म्हणतोय. पाटलाच्या घरी जाऊन पाया पड, माफी माग, मग पोरीचं बघू. वर्ष भरायला तेव्हा महिना राहिला होता.

तो महिना संपला. मी प्यालो नाही आणि पायाही पडलो नाही. हौसा आली नाही. आता ती आठ वर्षांची झाली असेल, तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. पाया पडून तिला आणली तर तिला पुन्हा वेशीतलाच बाप मिळेल. तो मी तिला देणार नाही, ती जन्मभर आली नाही तरी.