ब्लायटी

शालिकरामच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्माच्या लढाईत गेली, त्याला दहा वर्षं झाली. तरी इंझोरी गाव त्या हाताचं कौतुक करून थकलं नव्हतं. आता जगदेव मास्तरांनी ठरवलं होतं, पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याखाली त्याला हार घालायचा.

त्या सकाळी अंजनानं पेटीतून नवऱ्याचा खाकी सदरा काढला. "घाला. समदं गाव पाह्यते."

शालिकराम ओट्यावरून उठला, बसला, पुन्हा उठला. आठ दिवस एक शब्द त्याच्या डोक्यात माशीसारखा घोंगावत होता. ब्लायटी. लढाईवरच्या दवाखान्यात शेजारच्या गोऱ्या शिपायानं त्याचा हात पाहून डोळा मारला आणि हा शब्द टाकला होता. मोडक्या हिंदुस्थानीत समजावलाही होता. त्या गोऱ्याच्या आज्या-पणज्यांनी हिंदुस्थानातल्या छावण्यांत 'विलायती' ऐकलं, त्यांच्या तोंडी त्याची ब्लायटी झाली. ब्लायटी म्हणजे विलायत, म्हणजे घर. मग पहिल्या महायुद्धात खंदकांतली पोरं म्हणू लागली, जी जखम जीव घेत नाही पण घरी धाडते, ती ब्लायटी. काहीजण ती मुद्दाम ओढवूनही घेत. एवढं सांगून गोरा हसला होता. विचारलं मात्र काहीच नाही.

"काहून येरझारा घालून राह्यले?" अंजना म्हणाली. "हार घालतीन, फाशी नाई देत."

"मले गोळी लागली नाई, अंजना. मी लावून घेतली. खंदकातून हात वर धरला. घरी याचं होतं."

ती हातातल्या सदऱ्याच्या गुंड्या तपासत राहिली. "एकदाच धरला?"

"तीनदा. दोनदा गोळी चुकली."

"माह्या बापानं तो हात साऱ्या सोयऱ्याइले दाखोला," ती हळूच म्हणाली. सदरा पेटीत टाकला, खुरपं घेतलं आणि वावराची वाट धरली. तो मागोमाग गेला. दोघं तण निंदायला बसले. तिची पात झरझर पुढं सरकली. त्याच्या हातातून गवत निसटत होतं.

शाळेची घंटा वाजली. तो उभा राहिला.

"मास्तरले सांगू का?"

"मले कायले इचारता? हात वर धरताना इचारलं होतं?"

शालिकराम धुऱ्याच्या बांधावरून शाळेकडे निघाला. काळ्या मातीचे गोळे पायांना चिकटत होते, तरी हार पडायच्या आत मास्तरांना गाठायला तो पळायला लागला. पोरांनी गाणं सुरू केलं होतं. मागं खुरप्याचा आवाज थांबला नव्हता.