गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली

माझी नणंद रेन्स्के आणि माझा नवरा वोप्के जुळे. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड गाभण राहत नाही, हे आमच्या फ्रीसलंड प्रांतातल्या प्रत्येक गवळ्याला ठाऊक असतं. तिला पोसत नाहीत, विकतात. सासरे लेकीलाही तोच नियम लावायचे, कॉफीला आलेल्यांसमोर. "ही वोप्केबरोबरची. हिला विकू कुणाला?" रेन्स्केही हसायची आणि गोठ्यात जायची.

ती एकोणचाळीस वर्षांची असताना दुधाचा टँकर चालवणाऱ्या डाउवेने तिला मागणी घातली. त्याला मुलं हवी होती.

"उद्या तो आला की त्याला नकार देते," ती मला म्हणाली. "फसवू कशाला?"

त्याच दिवशी एक गाय व्याली. गोऱ्हा आणि कालवड. जनावरांची डॉक्टर यिल्डू तपासून स्वयंपाकघरात हात धुवायला आली.

"कालवड वांझच निघणार बघा."

"असं का होतं गं?" रेन्स्केने विचारलं.

"सुरुवातीला पोटात दोघांची घडण सारखीच असते. गोऱ्ह्याचे वृषण आधी तयार होतात. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळलेल्या असल्या, की त्याचा स्राव बहिणीच्या अंगात जातो. मग तिचे अंडाशय नीट वाढतच नाहीत."

"आणि माणसांत?"

"छे! माणसांत वारेतल्या रक्तवाहिन्या अशा जुळत नाहीत. माझी आत्या भावाबरोबरची, तिला चार पोरं आहेत."

यिल्डू गेली. रेन्स्के दाराशी बसलेल्या वोप्केकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"गावच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं. तू विशीत होतीस तेव्हा." तो बूट काढत राहिला. "बाबांची कंबर गेलेली. धारा कुणी काढल्या असत्या?"

"आणि बाबा गेल्यावर?"

"आता साठ गायी आहेत, रेन्स्के."

मी बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.

दुसऱ्या दिवशी डाउवेने टाकीला पाईप जोडला तेव्हा ती त्याला हो म्हणाली. फक्त धारांना माणूस मिळेपर्यंत थांब, म्हणाली.

माणूस वोप्के शोधतोय. एकाचे हात राकट, दुसरा उशिरा उठणारा, तिसऱ्याला गायी घाबरतात. दोन उन्हाळे गेले. टँकर भरेपर्यंत ती दोघं पाईपजवळ उभी असतात.

काल भांडी पुसताना तिने हळूच विचारलं, "वहिनी, चाळिशीनंतर मूल होतं का गं?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर अंगणातून वोप्केची हाक आली. गायी हंबरायला लागल्या होत्या. तिने फडकं टांगलं आणि बूट चढवले.