शिरीषचा प्रश्न आणि नळाखालचं पोतं

माझा धाकटा भाऊ शिरीष याला आयुष्यात कधीही काही ठरवता आलं नाही, आणि नेमक्या याच गुणावर अमेरिकेनं त्याची निवड केली.

तिकडे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर वाद घालतात. त्यातल्या एका वादात प्रश्न विचारायला साधी माणसं बोलावतात, आणि तीही अशी, ज्यांचं मत कुणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. शिरीष तिथला नागरिक झाला होता. (व्हावं की नाही, हे ठरवण्यात निम्मी जवानी गेली होती.) एक दिवस त्याचा फोन आला, "दादा, मला बोलावलंय. प्रश्नही विचारायला मिळेल बहुतेक."

आई खुब्याचं हाड मोडून पुढच्या खोलीत खाटेवर पडून होती. तिला सांगितलं, "ज्यांचं काही ठरलेलं नाही अशी माणसं हवी आहेत त्यांना."

"मग बरोबर गाठला," आई म्हणाली. "शर्ट घ्यायला नेला की दुकानदार शटर ओढायला लागायचा." मग तिनं विचारलं, "दिसंल का रे तो?"

शिरीषला तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. यावं की न यावं, हे त्याचं ठरत नव्हतं. आणि आई आता यातून उठायची नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अमेरिकेचं राज्य कुणाकडे जातं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तो तिला एकदा दिसायला हवा होता, बस.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडला होता. शहरात पडेगावपासून मुकुंदवाडीपर्यंत रोज नवे प्लॉट पडत होते, रोज नवी नळजोडणी होत होती, आणि पाइप मात्र तेवढाच. आमच्या पुंडलिकनगरात आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही लहर लागली तर. आईची चादर मात्र रोज धुवावी लागे, कधी दोनदा. माझी बायको सुनंदा एरवी कशावरही हसते, पण पाण्यावर केलेल्या विनोदाला ती त्या वर्षभरात एकदाही हसली नाही.

आमचं घर गल्लीच्या उताराला, म्हणून पाणी सगळ्यांत आधी आमच्या अंगणातल्या खड्ड्यातल्या नळाला येई. नळ उघडा ठेवायचा आणि खाली पत्र्याचं घमेलं पालथं घालायचं. पहिली धार घमेल्यावर ताडताड वाजली की सुनंदा फाटकात उभी राहून ताट बडवायची, आणि गल्लीभर पाणी ओढायच्या मोटारी सुरू व्हायच्या. सगळी गल्ली आमच्या घमेल्याच्या भरवशावर झोपायची.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. (हे मी गल्लीला विसरू देत नसे.) वाद आपल्याकडे सकाळी साडेसहाला दिसणार होता. मी घरोघर जाऊन सांगून आलो, "सगळे या. मी जागच्या जागी मराठी करून सांगेन." समोरच्या कांबळेबाई सरकारी दवाखान्यात नर्स, त्या रात्रपाळीहून तशाच आल्या. केबलवाला रफिक स्वतः येऊन चॅनल लावून गेला. "सर, अब इसकू हात नक्को लगाव," असं बजावून गेला. दारात चपलांचा ढीग पडला. आईला उशा लावून बसवलं होतं. तिनं केस विंचरून घेतले होते.

आणि ऐन वेळी नळानं फुस्स फुस्स हवा सोडायला सुरुवात केली. नळ खिडकीच्या खालीच. आईला आधीच ऐकू कमी. मी बाहेर गेलो आणि एक जुनं पोतं चौपदरी करून नळाच्या तोंडाशी गुंडाळलं, उरलेलं घमेल्यावर अंथरलं.

सुनंदा म्हणाली, "अहो, ते काढा. पाणी आलं तर कळायचं नाही."

"पाणी सोडणारा लाइनमन उद्या म्हणालाय."

"तो कधी खरं बोललाय?"

"आणि नुसती हवा येतेय म्हणजे पाणी नाहीच," मी म्हणालो. (आधी हवा आणि मागून पाणी, हे आमच्या गल्लीत रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी इंग्रजीचा मास्तर!)

वाद सुरू झाला. मी खुर्ची टीव्हीशेजारी ओढली. "हे म्हणतायत, मी नोकऱ्या देईन. ते म्हणतायत, यांनी दिल्या नाहीत, मी देईन."

"एवढं कळायला इंग्रजी कशाला पायजे सर?" कांबळेबाई म्हणाल्या.

आई कुणाचंच ऐकत नव्हती. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला की ती मान पुढं काढायची. बऱ्याच वेळानं मागच्या रांगेत शिरीष दिसला. आई म्हणाली, "वाळलाय." आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, भाषांतर थांबलं. तेवढ्यात शिरीष उभा राहिला. त्याच्यासमोर माइक आला. सगळे टीव्हीकडे सरकले.

दाराजवळ बसलेल्या कांबळेबाई म्हणाल्या, "माझी चप्पल कुठं चालली?"

सगळ्यांनी मागं पाहिलं. चपला पायरीवरून निघून रांगेनं फाटकाकडे चालल्या होत्या. पोत्यानं आवाज गिळला होता, खड्डा भरून वाहत होता, आणि आठवड्याचं पाणी गटारीत जात होतं. गल्ली उठून पळाली. सुनंदाही पळाली आणि तिच्यामागं मी. पोतं ओढून काढलं, नळाखाली बादली लावली. धार बोटाएवढी होती. मग दोऱ्याएवढी झाली. मग नळानं पुन्हा फुस्स केलं आणि पाणी गेलं.

परत आलो तर टीव्हीवर टाळ्या चालल्या होत्या.

"झालं त्याचं?" मी आईला विचारलं.

"झालं," आई म्हणाली.

थोड्या वेळानं सगळी गल्ली ओल्या पायांनी माझ्या दारात उभी. कुणाच्याही टाकीत पाणी नाही. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. कांबळेबाई एवढंच म्हणाल्या, "पाणी तर गेलं सर. आता तुमच्या भावानं काय विचारलं ते तरी सांगा."

मी तर नळावर होतो, एक शब्द ऐकला नव्हता. सगळे सुकलेल्या तोंडांनी बघत होते. मी म्हणालो, "पाण्याचं विचारलं. दुष्काळात माणसांनी करायचं काय, म्हणाला."

"लई भारी," मागून कुणीतरी म्हणालं. "मग ते काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"म्हणजे हितल्यावानीच की," म्हणत लोक रिकाम्या टाक्यांकडे परतले.

संध्याकाळी कांबळेबाई पडून पडून आईच्या पाठीला झालेल्या जखमा पुसायला आल्या. येताना स्वतःच्या ड्रममधलं बादलीभर पाणी घेऊन आल्या, आईच्या चादरीसाठी. ती बादली हातात घेताना मला मान वर करवेना. तेवढ्यात शिरीषचा फोन आला. आईला ऐकू जावं म्हणून मी आवाज मोठा केला.

"दादा, पाहिलंत का?"

"पाहिलं. काय प्रश्न विचारलास! गल्ली खूश आहे."

"कसला प्रश्न? दोन तयार केले होते. माइक समोर आल्यावर कुठला विचारावा तेच ठरेना. मग त्यांनी शेजारच्या बाईकडे नेला."

कांबळेबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कापूस बुडवला.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "ओठ हललेच नाहीत त्याचे."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तू इतकं चांगलं सांगत होतास. पाणी तर घालवलंस, म्हटलं लोकांना तेवढं तरी मिळू दे." मग ती फोनकडे वळली. "शिऱ्या, ये आता. लई विचार करू नको."

शिरीष आला. पण ठरवायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढा आईकडे नव्हता.

कांबळेबाईंनी गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. मला मात्र घमेल्याजवळ फिरकायला त्या दिवसापासून बंदी आहे. शहर आणखी वाढलंय, नळाचा वार आणखी लांबलाय. पाणी आलं नाही की कांबळेबाई फाटकातून हाक मारतात, "सर, अमेरिकेकडनं काही कळलं का?"

"बघू म्हणालेत," मी सांगतो. गल्लीनं भाषांतराचं तेवढं काम अजून माझ्याकडे ठेवलंय.