आधी सांगा, मग हात लावा

आमच्या घरी रात्री जेवायला बसलं की नवरा विचारतो, "आज काय झालं?" आणि लेक लगेच म्हणते, "आई, जेवण झाल्यावर सांग." तिचंही बरोबर आहे. माझ्या कामाच्या गोष्टी ताटावर बसून ऐकण्यासारख्या नसतात. कोठी भागातल्या मागच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांचं एक केंद्र आहे, तिथं मी नर्सिंग असिस्टंट आहे. चौदा खाटा, तीन सिस्टर आणि आम्ही पाच बाया. लोक म्हणतात, सुमन, म्हातारी माणसं नुसती पडून असतात, तिथं काय घडणार? अहो, सहा वर्षं झाली, माझा तोंडावरचा हात अजून खाली आलेला नाही. एक गोष्ट सांगायला घ्यावी तर मागून दोन येऊन उभ्या राहतात.

कामाला लागायच्या आधी सहा आठवड्यांचा कोर्स झाला. त्यात शब्दांचा एक छापील कागद दिला होता. पेशंट म्हणायचं नाही, रहिवासी म्हणायचं, कारण ते इथं राहतात. कूस दर दोन तासांनी बदलायची. खाल्लं किती, प्यायलं किती, ते चार्टवर लिहायचं. मी सगळं घडाघडा पाठ केलं. परीक्षेत पहिली आले. मग पहिल्या दिवशी कामावर गेले आणि पहिल्या पाच मिनिटांत नापास झाले.

*

पहिली खाट खानसाहेबांची. निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर, वय ब्याऐंशी, मिशा अजून ड्यूटीवर असल्यासारख्या. त्यांना स्पंज करायचा होता. ते डोळे मिटून पडलेले. मी आपली गरम पाण्याचं भांडं घेऊन गेले आणि सरळ चादर ओढली.

खटकन माझं मनगट धरलं गेलं. असं की हातातला टॉवेल खाली पडला. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "अम्मा, पैले बोलना, बाद में हाथ लगाना. मैं अभी मुर्दा नै हुआ."

सरोजा सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या आमच्या इन्चार्ज, तेलुगू बाई, कडक. मला वाटलं, आता पहिल्याच दिवशी घरी पाठवणार. त्या आल्या, खानसाहेबांना म्हणाल्या, "सॉरी सर," आणि मला घेऊन टेबलाशी गेल्या. चार्टवर पट्टीनं रेघ मारून त्यांनी एक नवा रकाना काढला. त्यावर लिहिलं, "रहिवाशाला आधी सांगितलं का?" आमच्या केंद्रात तो रकाना अजून आहे. माझ्या फजितीतून निघालेला आहे तो.

*

हेच खानसाहेब. गिळताना त्यांना ठसका लागायचा, म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यायचं, चमच्यानं. पातळ काही नाही, अशी पाटीच होती खाटेवर. एकदा त्यांचा जुना हवालदार भेटायला आला आणि फ्लास्कमधून इराणी चहा घेऊन आला. मी वळून बघेपर्यंत साहेब निळे पडले होते.

पुढं वाकवलं, पाठीत दणके घातले, सिस्टरला हाका मारल्या. दोन मिनिटांनी त्यांचा श्वास परत आला. डोळ्यांतून पाणी, मिशा ओल्या. मी म्हटलं, "साहेब, जीव गेला असता ना!" ते म्हणाले, "हौ. लेकिन चाय अच्छी थी."

*

गोविंदलालजींचा किस्सा सांगताना मला आजही लाज वाटते, कारण त्यात चूक माझी आहे. बेगम बाजारात त्यांची सुक्या मेव्याची घाऊक पेढी. आता पुतणे बघतात. काकांना विसरायला होतं म्हणून आमच्याकडे ठेवलेलं.

त्या दिवशी दोन बाया रजेवर होत्या. मी काय केलं, सकाळी दहा वाजताच सगळ्यांचे चार्ट संध्याकाळपर्यंतचे भरून टाकले. यादम्मानं शिकवलं होतं. यादम्मा म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, वीस वर्षांची नोकरी. ती म्हणाली, "रोज तेच तर असतं, आधी लिहून मोकळी हो."

दुपारी तीनला फोन वाजला. पुतण्या बोलत होता. काका दुकानात गादीवर बसलेत, बदाम नीट निवडले नाहीत म्हणून नोकरांना झापताहेत, आणि पायात त्यांच्या केंद्राची रबरी चप्पल आहे. एवढा रस्ता, एवढी वाहनं, आणि हा माणूस एकटा चालत गेला होता.

तासाभरानं पुतण्या त्यांना ऑटोतून घेऊन आला. सरोजा सिस्टर हातात चार्ट धरून उभ्या. मोठ्यानं वाचायला लागल्या. "साडेबारा, जेवण पूर्ण घेतलं. दोन ते चार, शांत झोप." खाली माझी सही.

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. गोविंदलालजींनी एकदा चार्टकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेटी, तूने लिखा है तो सोया ही होऊँगा मैं."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सुमन, जे बघितलंस ते लिही. बघितल्यावर लिही." त्यानंतर मी आधी कधी सही केली नाही. यादम्मा अजून मला हसते.

*

सात नंबरच्या अम्मांची मुलगी फार मायाळू. रोज यायची, घरून रसम आणायची. एकदा ती गेल्यावर मी पाणी द्यायला गेले, तर अम्मांचा उजवा हात खाटेच्या कठड्याला बांधलेला. तिच्याच मऊ ओढणीनं. अम्मा डोक्यावरचा टाका खाजवत होत्या म्हणून.

मी हादरले. माणूस बांधलाय, आणि गाठ मारताना वर ओढणीचं फूल केलंय. मी सोडायला लागले तेवढ्यात मुलगी विसरलेला डबा घ्यायला परत आली. म्हणाली, "प्यार से बांधा है सिस्टर, दुखत नाही त्यांना."

सरोजा सिस्टरनी तिला खुर्चीत बसवलं. "दाखवा बरं कसं बांधलंत," म्हणाल्या, आणि तिचाच उजवा हात त्याच ओढणीनं खुर्चीला बांधला. अगदी हळुवार. मग समोर चहा ठेवला आणि आपलं काम करत बसल्या. मुलगी आधी हसली. नंतर चुळबुळ करायला लागली. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "सिस्टर, सोडा ना. नाक खाजतंय."

सिस्टर म्हणाल्या, "अम्मांना विचारा, त्यांचं कधीपासून खाजतंय."

*

आणि आता इंदूआजी. आमच्याकडं त्या एकट्याच मराठी, म्हणून माझ्या जास्त जवळच्या. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. आल्या तेव्हाच फाइलवर लिहून आलं होतं, "समज नाही. हालचाल नाही. पूर्ण अवलंबून." आठ महिने त्या छताकडं बघत पडून होत्या. त्यांच्या चार्टवर सगळ्या बाया तो 'आधी सांगितलं का' चा रकाना सोडून द्यायच्या, नुसती आडवी रेघ मारायच्या. सांगून कुणाला सांगायचं?

मला मात्र खानसाहेबांची पकड मनगटावर अजून जाणवायची. मी सांगायचे. रकान्यात मात्र मीही रेघच मारायचे, त्यांना कळल्याचं कुठं बघितलं होतं? "आजी, आता तुम्हाला कुशीवर वळवते हं." "आजी, तोंड पुसते." मग हळूहळू नको ते पण सांगायला लागले. लेकीचे मार्क, नवऱ्याचं घोरणं, अफझलगंजला बस कशी चुकली. यादम्मा एकदा म्हणाली, "गोडतो माट्लाडुतुन्नावा?" भिंतीशी बोलतेस का, म्हणून. मी म्हटलं, "हौ. भिंतीला पण सवय लागते."

पण त्या खाईनात. यादम्माच्या चमच्याला ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. माझ्या हातून मऊ भात अर्धी वाटी जायचा, तोही पाऊण तास लावून. वजन उतरत चाललं. चेहरा बघवत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, आता नाकातून नळी घालावी लागेल. मी सरोजा सिस्टरच्या मागं लागले, मी भरवते, माझी सुट्टी झाल्यावर थांबून भरवते. त्या म्हणाल्या, "अर्ध्या वाटीवर माणूस जगत नाही सुमन. मला काय हौस आहे?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण एकदा नळी गेली की चमचा गेला, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आजींच्या तोंडाला मग चव म्हणून काही लागणार नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

सही करायला पुण्याहून मुलगा आला. अविनाशदादा. कॉम्प्युटरवाला, चाळिशीचा, भला माणूस, डोळ्यांखाली काळं आलेलं. मंगळवारची दुपार होती. आजी उताण्या होत्या, डाव्या हाताला भिंत, उजव्या बाजूला दादा, सिस्टर, यादम्मा आणि मी. नळी ट्रेमध्ये आणून ठेवलेली. सिस्टर दादांना समजावत होत्या, किती दिवसांनी बदलायची, काय घालायचं. सगळं आजींच्या अंगावरून, इकडून तिकडं. दादांनी पेनचं टोपण काढलं.

आणि मी बोलले. ठरवून नाही, खरं सांगते, तोंडातून सवयीनंच निघालं. "थांबा दादा. आजींना सांगायचं राहिलं."

ते म्हणाले, "तिला काय कळतंय ताई? डॉक्टरांनीच लिहिलंय."

"नियम आहे," मी म्हटलं. सिस्टरकडं बघितलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. मी आजींच्या तोंडाशी वाकले. "आजी, मी सुमन. तुमच्या नाकातून पोटात नळी घालायची आहे. अविनाशदादा त्याच्या कागदावर सही करताहेत. तुम्हाला सांगितलं हं."

काही झालं नाही. दादा कागदावर वाकले.

तेवढ्यात कठडा वाजला. आजींचा डावा हात, जो आठ महिन्यांत चादरीवरून उठला नव्हता, तो वर आला होता. बोटं कठड्यावर चाचपडत फिरली आणि आवळली. मग खांदा उचलला. मग कंबर. एवढुशी बाई, हाडं तेवढी उरलेली, धापा टाकत टाकत इंच इंच वळत गेली. मला मदत करायचंसुद्धा सुचलं नाही. यादम्माच्या हातातला चमचा ट्रेमध्ये पडला. आजी पुऱ्या वळल्या, तोंड भिंतीकडं केलं आणि आमच्या सगळ्यांकडं पाठ.

दादांनी पेनला टोपण लावलं. खाट आणि भिंतीच्या मध्ये हातभर जागा नव्हती, तिथं ते अंग चोरून शिरले आणि उकिडवे बसले. "आई," म्हणाले.

सरोजा सिस्टरनी मला चार्ट दिला. मी विचारलं, "काय लिहू?"

"बघितलंस ते."

मी लिहिलं. सव्वातीन. डावी कूस. मदत, नाही. पुढचा रकाना होता, रहिवाशाला आधी सांगितलं का? वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा होत्या.

मी लिहिलं, हो.